आरती, भजन आणि ‘आम्ही’ : नंदुरबार जिल्ह्यातील लोकप्रिय गीतांमधील चिकाटी व आत्मोन्नती

‘लोकप्रिय गीत’ ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट या तीन माध्यमांच्या संदर्भात वापरली जाते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ने या माध्यमांच्या सामर्थ्याची जी प्रचीती दिली, तिच्या प्रभावाखाली गीताचा विचार करताना कवी, संगीतकार, गायक आणि श्रोता अशी चौकट आपण गृहीत धरू लागलो. या चौकटीत चिकाटी आणि आत्मोन्नती हे विषय विपुल आले आहेत. वाट, दिवा, नाव, वादळ, पहाट या ठरलेल्या प्रतिमांतून खचलेल्या मनाला धीर देणारी गीते मराठीत शेकड्यांनी सापडतील. त्यांतील उत्तम गीतांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु या गीतांचा श्रोता एकटा असतो, हे लक्षात घ्यावे लागते. गीत त्याच्या कानात काही सांगते, तो ते ऐकतो, क्षणभर उभारी घेतो. पुढे तो काय करतो, हा प्रश्न गीताच्या कक्षेबाहेरचा राहतो.

नंदुरबार जिल्ह्यात या चौकटीचा उपयोग फार मर्यादित आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके येतात. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली, गुजराती आणि मराठी यांची येथे रोजची सरमिसळ असते. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या रस्त्यावर गोळीबाराला सामोऱ्या गेलेल्या शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाच्या मिरवणुकीतील, न नमण्याची ग्वाही देणारे घोषगीतही गुजराती होते. अशा प्रदेशात बहुसंख्यांच्या ओठांवर असलेले गीत म्हणजे होळीचे गीत, आरती, भजन आणि गेल्या अर्धशतकातील चळवळीचे गाणे. प्रसाराच्या अर्थाने ही गीते लोकप्रिय आहेतच, शिवाय लोकांनीच ती गायिलेली असल्यामुळे त्या शब्दाच्या अधिक नेमक्या अर्थानेही ती लोकप्रिय ठरतात. या गीतांत चिकाटी आणि आत्मोन्नती यांचे नाते कसे घडते, आणि ते घडविणारा घटक मजकुरात शोधावा की गायनाच्या रीतीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी एका शब्दाकडे वळणे उपयुक्त ठरेल. ‘अभ्यास’ हा शब्द आज आपण शालेय अर्थाने वापरतो; परंतु गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्याचा उपाय म्हणून वैराग्याच्या जोडीने अभ्यासच सांगितला आहे. पतंजलीच्या योगसूत्रातही, दीर्घकाळ खंड न पडू देता आणि आस्थेने केलेला प्रयत्न या अर्थाने तो येतो. म्हणजे भारतीय परंपरेत चिकाटी हे आत्मोन्नतीचे साधन तर आहेच, परंतु तिचे स्वरूप मुख्यतः पुनरावृत्तीचे आहे. तीच कृती पुन्हा, तीच वेळ पुन्हा, तेच शब्द पुन्हा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ही घटना या प्रदेशाच्या इतिहासाचाच भाग आहे. वारकरी नित्यनेमात हाच विचार आहे, आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींच्या जात्यावरच्या गाण्यांतही कष्टाचे आवर्तन आणि समज यांचे असेच नाते दिसते. पुनरावृत्ती म्हणजे कल्पकतेचा अभाव हा आधुनिक कवितेने रुजवलेला ग्रह बाजूला ठेवल्याखेरीज पुढील विवेचनातील गीतांकडे न्यायाने पाहता येणार नाही.

सातपुड्यातील होळी हे या पुनरावृत्तीचे सर्वांत जुने रूप होय. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी आता पर्यटकांनाही ठाऊक झाली आहे. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू व भोपळे, अंगावर राखेचे नक्षीकाम ही तेथील नर्तकांची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. छायाचित्रात न दिसणारी बाब अशी, की हे नर्तक बहुधा नवस बोललेले असतात आणि त्या दिवसांत कडक ‘पालनी’ पाळतात. बाजेवर झोपायचे नाही, अनवाणी चालायचे, ब्रह्मचर्य पाळायचे आणि गावोगावच्या होळ्यांत रात्रभर नाचत राहायचे. पुरुषार्थाचे वर्णन करणारा एखादा श्लोक त्यांच्या तोंडी असण्याची आवश्यकता नाही, कारण व्रत त्यांनी शरीरावर धारण केलेले असते. गीत, ढोल आणि थकवा यांच्या साहाय्याने ते पार पडते. याहामोगी देवीच्या कथा रात्ररात्र गाणाऱ्यांच्या बाबतीतही सहनशक्ती आणि श्रद्धा यांना वेगळे काढणे अवघड आहे. मोहाची दारू मात्र या पारंपरिक विधींत निषिद्ध नाही. देवाला तिचा पहिला थेंब वाहिला जातो. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातूनच उभा राहतो.

१९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवड परिसरात गुला महाराज या भिल्ल साधुपुरुषाने आरतीची चळवळ सुरू केली. दारू सोडावी, रोज स्नान करावे, स्वच्छ राहावे आणि दर सोमवारी आरतीला जमावे, असा त्यांचा सुटसुटीत उपदेश होता. अल्पावधीत हजारोंचा समुदाय जमू लागला. १९३८ मध्येच गुला महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली. अनुयायी परस्परांना ‘आप’ असे संबोधत. ‘आप की जय’ हे त्यांचे अभिवादन आणि तीच त्यांची ओळख बनली.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे दोन गोष्टींपाशी थांबले पाहिजे. पहिली म्हणजे आरती या प्रकाराची निवड. आरती ही बसून ऐकण्याची रचना नव्हे. ती उभ्याने, सर्वांनी मिळून, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावयाची असते. तिला तालमीचा गवई लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. कडवे न आलेला माणूस पालुपदाला निश्चित येतो. ज्या समाजाला मंदिराच्या गाभाऱ्यात आणि शाळेच्या वर्गात स्थान नव्हते, त्याच्या हाती येऊ शकणारा हा सर्वांत सुलभ गीतप्रकार होता. शिवाय तो ठरावीक वारी घडत होता. सोमवार ते सोमवार हे अंतर व्यसन सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. आयुष्यभर दारू न पिण्याची शपथ पेलणे कठीण, पण पुढच्या सोमवारी आरतीत उभे राहता यावे इतपत निग्रह त्याच्या आवाक्यात असतो. समुदायाच्या डोळ्यांदेखत तो निग्रह दर आठवड्याला नवा केला जातो. चिकाटीची येथे कोणी महती गात नाही, तिचे वेळापत्रक मात्र ठरवून दिलेले आहे.

दुसरी गोष्ट ‘आप’ या सर्वनामाची. जमीनदार, सावकार, पोलीस आणि जंगलखाते यांच्या तोंडून भिल्ल माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे-तुरे’च ऐकावे लागले होते. आदरार्थी संबोधन ही त्याच्या बाजूने वर जाणारी आणि त्याच्याकडे कधीच न परतणारी गोष्ट होती. अशा स्थितीत शेजाऱ्याला, पत्नीला, लहान मुलालाही ‘आप’ म्हणणे हा शिष्टाचारापलीकडचा व्यवहार ठरतो. आत्मोन्नती हा शब्द आपण अंतर्मुख अर्थाने घेतो. येथे आत्म्याची उंची दुसऱ्याने उच्चारलेल्या सर्वनामातून वाढते आहे. मराठी संतपरंपरेत एकमेकांच्या पाया पडण्याची वारकऱ्यांची प्रथा याच जातीची आहे. परंतु ती वारीत आणि मंदिराच्या प्रांगणात दिसते, तर ‘आप’ हे शेतावर, बाजारात, झोपडीत चालणारे होते. व्याकरणातील एका लहानशा रूपाने इतके मोठे काम केल्याची उदाहरणे आपल्या भाषिक इतिहासात थोडी आहेत, आणि मराठीच्या सामाजिक भाषाविज्ञानाने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. स्नान, दारूबंदी, आरती हे सारे सवर्ण हिंदूंचे आचार होत. आदिवासींनी ते स्वीकारणे म्हणजे स्वतःच्या देवांना, गीतांना आणि मोहाच्या थेंबाला कमी लेखणे नव्हे काय? एम. एन. श्रीनिवास यांच्या ‘संस्कृतीकरण’ या संकल्पनेच्या आधारे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण गुजरातेतील १९२२ च्या देवी आंदोलनावरील ग्रंथात याला वेगळे उत्तर दिले. आदिवासींनी वरिष्ठ वर्गाची मूल्ये आत्मसात केली ती त्या वर्गाच्या वर्चस्वाला शह देण्यासाठी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरी दारू गाळण्यावर निर्बंध आले आणि पिणे म्हणजे ठेकेदाराच्या दुकानाशी व कर्जाशी बांधले जाणे, असा त्याचा अर्थ झाला. या पार्श्वभूमीवर दारू सोडणे हा आर्थिक बंधनातून सुटण्याचाही मार्ग होता. दक्षिण राजस्थान व लगतच्या गुजरातेत गोविंद गुरूंनी भजन आणि धुणी यांच्या साह्याने भिल्लांत उभारलेली चळवळ आणि १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगडावर झालेला गोळीबार लक्षात घेतला, तर भजन म्हणणाऱ्या आदिवासींचे सत्तेला भय का वाटे, हे उमगते.

तरीही हार्डिमन यांच्या उत्तराने आक्षेप पुरता मिटतो असे नाही. भजनाने काही मिळाले तसे काही गेलेही. भजन म्हणणारे आणि होळीत नाचणारे असे भेद अनेक गावांत, कधी एकाच कुटुंबात पडले. रात्रभर गायिली जाणारी देवकथा मागे पडली तर तिची जागा आरतीची चार कडवी घेऊ शकत नाहीत. आत्मोन्नतीच्या गीताचा गौरव करताना त्याने कोणते गीत मागे सारले, याचीही नोंद अभ्यासकाने प्रामाणिकपणे करावी लागते.

या परंपरेचा पुढचा टप्पा शहादा तालुक्यात दिसतो. सर्वोदयाच्या प्रभावातून आलेले अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते भजनांच्या माध्यमातून गावोगाव फिरत. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ‘महाराज’ ही उपाधी कीर्तनकाराची, आणि त्यांचा विषय मात्र शेतमजुराची मजुरी व हिरावलेली जमीन. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे झालेल्या गोळीबारानंतर परिसर पेटून उठला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबई-पुण्याकडून आलेले सुशिक्षित तरुण आणि स्थानिक आदिवासी तरुण एकत्र आले. १९७४ मध्ये अंबरसिंग यांचे अकाली निधन झाले. जमिनी परत करण्यासंबंधीचा कायदा महाराष्ट्रात १९७४ चा. तो १९७५ च्या नोव्हेंबरात अमलात आला.

मार्क्सवादी विचारांनी भारलेल्या तरुणांना भजनाविषयी संशय वाटणे स्वाभाविक होते. देवाला आळवणारा माणूस मालकाशी कसा झगडणार, हा त्या संशयाचा गाभा. परंतु घडले ते निराळे. गाण्यातील देव बदलला, तरी गाण्याची घडण टिकली. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झील धरायची, पालुपदावर सर्वांनी यायचे, ही भजनी फडाची रीतच सभेच्या आणि मोर्च्याच्या गाण्यात उतरली. व्रताचा धागाही तुटला नाही. १९७२-७३ च्या सुमारास शहादा परिसरातील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मारिया मीस आणि गेल ऑम्वेट यांच्या लेखनामुळे हा प्रसंग देशाबाहेरही पोहोचला. गुला महाराजांच्या आरतीत जे पुरुषांनी स्वतःपुरते घेतलेले व्रत होते, ते येथे स्त्रियांनी मारझोडीविरुद्धचे शस्त्र म्हणून हाती घेतले. भजन आणि चळवळीचे गीत यांना दोन विरोधी कप्प्यांत टाकणारे वर्गीकरण या प्रसंगापुढे टिकत नाही.

सर्वनामाचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो. जगातील सर्वांत प्रसिद्ध निर्धारगीताची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या एका स्तोत्रात ‘मी’ एके दिवशी तरून जाईन, असा भाव होता. या व अन्य चर्चगीतांतून संपकरी कामगारांच्या तोंडी गीत घडत गेले, तेव्हा ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीने ते जगभर नेले. गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपातून ते आपल्याकडील शाळांत पोहोचले. चिकाटी ‘मी’ची असते तेव्हा तिचे फळ मोक्ष किंवा यश असते, ‘आम्ही’ची असते तेव्हा तिला सोबत्याचा भार वाहावा लागतो. मराठीला तर येथे अधिकची सोय आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद ती करते. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. चळवळीच्या गीतांतील ‘आम्ही’ सत्तेला उद्देशून असतो. भजनाच्या निरूपणातील ‘आपण’ शेजाऱ्याला उद्देशून असतो. नंदुरबारच्या परंपरेचे वैशिष्ट्य हे, की तिने ‘आप’ने आरंभ करून दोन्ही सर्वनामे एकाच गाणाऱ्याच्या तोंडी दिली.

सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आलेल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांनी हीच रीत निराळ्या परिस्थितीत वापरली. मणिबेली येथे १९९१ पासून पावसाळ्यागणिक सत्याग्रह झाले. पाणी दर वर्षी चढायचे आणि दर वर्षी माणसे काठावर बसायची. या आवर्तनाला गीताची साथ होती. चिमलखेडी, निमगव्हाण यांसारख्या गावांत निघालेल्या जीवनशाळांतील मुलेही स्वतःच्या बोलीत गाऊ लागली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धरणाच्या बाजूने लागला आणि पुढे धरण पूर्ण उंचीला गेले. तेव्हा ही गीते पराभूत झाली असे म्हणावयाचे काय? यशाच्या मापाने मोजल्यास होय. परंतु चिकाटीचे गीत यशाची हमी देते, हा समज मुळात भावगीताच्या चौकटीतून आलेला आहे. येथील गीताने गाणाऱ्यांना पहाटेचे आश्वासन दिले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एकत्र बसण्याइतके बळ देणे, एवढेच त्याचे काम होते. पुनर्वसनाची मागणी पुढे वर्षानुवर्षे लढविली गेली, त्यात त्या बळाचा वाटा नाकारता येणार नाही.

आता प्रश्न उरतो तो अभ्यासपद्धतीचा. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) पासून मराठीत लोकगीतांचा गंभीर विचार होत आला आहे, आणि विद्यापीठांतून संकलनेही झाली. परंतु संकलनाची सर्वसाधारण रीत अशी, की पालुपद एकदा लिहून पुढे ‘धृ.’ अशी खूण करायची आणि कडवी क्रमाने छापायची. गायनात जे पालुपद वीस वेळा येते, दर वेळी निराळ्या जोराने येते, कधी बायकांच्या आवाजात तर कधी मुलांच्या, ते छापील पानावर एका अक्षराच्या खुणेत आकसते. नंतर तोच मजकूर हाती घेऊन विद्यार्थी प्रबंधात लिहितो, की या गीतांत कल्पनेचे वैविध्य कमी व उपदेश अधिक आहे. हा निष्कर्ष मजकुराविषयी खरा असेल, गीताविषयी तो खरा नाही. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये मौखिक महाकाव्यांच्या संदर्भात दाखवून दिले, की ठरीव शब्दबंध हे गाणाऱ्याचे दैन्य नसून त्याच्या रचनेचे साधन असते. भजन-आरतीच्या बाबतीत एक पाऊल पुढे जावे लागते. येथे पुनरुक्ती रचनेचे साधन आहेच, पण तीच आशयही आहे. ज्या गीताला चिकाटी सांगायची आहे ते पुन्हा पुन्हा म्हणण्यावाचून दुसरे काय करणार?

श्रमिक संघटनेत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्यांच्या बहुचर्चित ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावर चढून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगणाऱ्यांविषयीची वेदना आहे. ही कविता छापील आहे, एकट्याची आहे, मुक्तछंदात आहे; म्हणजे वर वर्णिलेल्या गीतपरंपरेपासून रूपाने दूर आहे. तरी तिचा प्रश्न त्याच परंपरेतून उगवलेला दिसतो. झील धरणाऱ्यांना ओळ उचलण्याचा अधिकार केव्हा मिळणार, असा तो प्रश्न आहे. भजनी फडात हा अधिकार फिरता असतो. एक थकला की दुसरा उचलतो. व्यासपीठावर तो फिरत नाही.

अलीकडे या गीतांचे माध्यम बदलले आहे. टिमलीच्या ठेक्यावरची नाचगाणी आणि भजने दोन्ही भ्रमणध्वनीवर वाजतात. बाजाराच्या दिवशी धडगाव वा तळोद्याच्या दुकानांतून ती ऐकू येतात. बोलीतील गीतांना असा प्रसार पूर्वी कधीच लाभला नव्हता, आणि पावरी-भिल्लीत गाणाऱ्या तरुणांना त्यामुळे आत्मविश्वास आला, हे मान्य केले पाहिजे. मात्र ध्वनिमुद्रित भजनात झील आधीच भरलेली असते. ऐकणाऱ्याने पालुपदाला यावे अशी रिकामी जागा त्यात राहत नाही, आणि सोमवारीच ते ऐकावे असेही काही नसते. या मुद्रणांचा, ती ऐकली जाण्याच्या वेळांचा आणि ती लावून प्रत्यक्ष गाणाऱ्या फडांचा पद्धतशीर अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. गावातील वृद्ध झीलकरी हयात असतानाच तो हाती घेतला गेला, तर पालुपद किती वेळा म्हटले जात होते आणि कोणाकोणाच्या आवाजात, हे निदान लिहून ठेवता येईल.